माळ्यावर सापडलेला जुना बॅटन, जिलेटिनचे कागद आणि मागचं आकाश

पहाटवारा

नमस्कार मंडळी. आमची संस्था कोकणातल्या एका तालुक्याच्या गावातली, हौशी. यंदा राज्य नाट्य स्पर्धेसाठी नवीन दोन अंकी नाटक बसवतोय. दुसरा अंक भर रात्री सुरू होतो आणि उजाडताना संपतो. शेवटची आठ-नऊ मिनिटं रंगमंचावर जवळजवळ कुणी बोलत नाही. आई अंगणात बसलेली असते आणि मागे उजाडत जातं. म्हणजे तेवढा वेळ नाटक मागच्या पांढऱ्या पडद्यावरच्या आकाशाच्या हवाली आहे. आकाश फसलं तर अंक फसला.

जिथे प्रयोग होणार त्या नाट्यगृहात एलईडी पार (रंग बदलता येणारे डब्यासारखे दिवे) आहेत. गेल्या वर्षी आम्ही त्यांवर सकाळ करून पाहिली होती. निळ्यावरून गुलाबीवर आणि गुलाबीवरून नारिंगीवर रंग सरकले, पण उजाडलं असं कुणालाच वाटलं नाही. सुरुवातीला तर काळोखातून निळा एकदम टपकन आला. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी प्रयोगानंतर सांगितलं, "पोरी, बटण दाबल्यासारखं झालं." ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

आता मुद्द्याचं. पावसाळ्यानंतर संस्थेच्या जुन्या खोलीचा माळा साफ करताना दोन गोष्टी सापडल्या.

एक, बॅटन, म्हणजे ओळीने दिवे बसवायची पत्र्याची लांबलचक पन्हळ. टेपने मोजली तर बारा फूट भरली. आत चोवीस खण, प्रत्येक खणात बल्बचा होल्डर, मागे वाकवलेला चकचकीत पत्रा आणि पुढे चौकट सरकवायला खाच. एका टोकाला तारांच्या चार जोड्या बाहेर आल्यात. तारांवर मळकट पांढरं, दोऱ्यांनी विणल्यासारखं आवरण आहे. काही खणांत चौकटी अजून आहेत. लाल, हिरवा, निळा, मग एक रिकामा, पुन्हा लाल, हिरवा, निळा, रिकामा असा क्रम आहे.

दोन, एक पत्र्याची ट्रंक. आत रंगीत कागद, मध्ये मध्ये वर्तमानपत्रं घालून नीट रचलेले. कोपऱ्यात पेन्सिलीने आकडे आहेत: ३, ६, १७, २०, ३६, ३९, ५२, ५४. ट्रंक उघडल्याबरोबर सपकन आंबट वास आला, लोणच्याची बरणी उघडावी तसा. बरेच कागद वाळलेल्या केळीच्या पानासारखे वळलेत आणि उलगडायला गेलं की चिरतात. तळाशी एक गठ्ठा मात्र वेगळा आहे. तो एकमेकांना चिकटून वडीसारखा झालाय आणि कडा कुणीतरी कुरतडल्यात.

मी आठेक वर्षांची असताना याच संस्थेच्या एका नाटकात मागे उजाडताना पाहिलं होतं. नाटक आठवत नाही, आकाश आठवतं. ते याच पन्हळीतून आलं असणार. कुणाला हे आकडे कळतात का? हे कागद वापरता येतील का? आणि या बॅटनवर पुन्हा पहाट करता येईल का?

बॅटनबापू

धागा पाहून जेवण बाजूला ठेवून लिहितोय. चाळीस वर्षं प्रकाशाचं काम केलं, त्यातली निम्मी असल्याच पन्हळींवर.

आधी आकडे. हे सिनेमॉइडचे नंबर आहेत. इंग्लंडच्या स्ट्रँड इलेक्ट्रिक कंपनीचे अॅसिटेटचे रंगीत कागद, एके काळी आपल्याकडच्या हौशी-व्यावसायिक सगळ्या मंडळींच्या तोंडी याच नंबरांची भाषा होती. ३ म्हणजे स्ट्रॉ, वाळल्या गवताचा पिवळा. ६ म्हणजे प्रायमरी लाल, ३९ प्रायमरी हिरवा, २० डीप ब्लू. १७ स्टील ब्लू, आमचा चांदण्याचा रंग. ५२ फिकट सोनेरी, ५४ फिकट गुलाबी. आणि ३६ फिकट लव्हेंडर, ज्याला जुने लोक सरप्राइज पिंक म्हणायचे. तो पांढऱ्या उजेडाशेजारी जांभळट दिसतो आणि निळ्याशेजारी गुलाबी. म्हणून तर ते नाव.

यात तुझ्या उपयोगाची गोष्ट अशी की हे आकडे मेले नाहीत. ली नावाच्या कंपनीने आपले फिल्टर, म्हणजे रंगीत कागद, काढले तेव्हा यातल्या बऱ्याच रंगांना तेच नंबर १०० मिळवून दिले. १७ चा ११७ झाला, २० चा १२०, ३६ चा १३६, ५२ चा १५२. छटेत थोडाफार फरक पडतो, पण घराणं तेच. त्यामुळे ट्रंकेतले कागद गेले तरी तुझ्या जुन्या प्रकाशयोजनाकाराची यादी तुझ्या हातात आहे असं समज.

आता वास. अॅसिटेट म्हातारं झालं की त्यातून अॅसेटिक आम्ल सुटतं, म्हणजे व्हिनेगरच. जुन्या सिनेमाच्या रिळांना येतो तोच हा वास. असे कागद ठिसूळ होतात. दिव्यापुढे लावलेस तर पहिल्या अर्ध्या तासात तडकतील. ते नमुना म्हणून जपून ठेव, पण वेगळे. तो वास शेजारच्या चांगल्या कागदांनाही नासवतो.

तळाचा चिकटलेला गठ्ठा म्हणजे खरं जिलेटिन. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं, रंग घालून पातळ ओतलेलं. आज आपण पॉलिएस्टरच्या कागदालाही जिलेटिनच म्हणतो, पण ते नाव याचं. कोपऱ्याला ओलं बोट लाव. चिकट झालं तर जिलेटिन. अॅसिटेट पाण्याला दाद देत नाही आणि पॉलिएस्टर कात्रीशिवाय फाटत नाही. काडी पेटवून मात्र कुणी काही तपासू नये. कडा झुरळांनी खाल्ल्यात, त्यांना हा खाऊच आहे. कोकणात जिलेटिन टिकवणं म्हणजे दिव्य होतं. पावसाळ्यात ते मऊ पडून एकमेकांना चिकटायचं आणि मे महिन्यात पापडासारखं मोडायचं. आम्ही तांदळाच्या डब्यात ठेवायचो, दमट लागू नये म्हणून.

बॅटनचं आणि पहाटेचं सविस्तर लिहितो. ती पन्हळ टाकू नकोस एवढं आत्ता सांगतो.

कंदीलवेडा

बापूकाका, जिलेटिन म्हटल्यावर मला आधी दिवाळीच आठवली. घरी कामट्यांचा आकाशकंदील करायचो तेव्हा वडील दुकानातून लाल आणि हिरव्या जिलेटिनच्या सुरळ्या आणायचे. खळ जरा पातळ झाली की कागद आक्रसायचा आणि कंदिलाची बाजू ओढली जायची. आत साठचा बल्ब लावला तर आठवड्याभरात लाल कागद बल्बसमोर तेवढाच फिका पडायचा, बरोबर रुपयाएवढा गोल. नाटकातही असंच व्हायचं का?

बॅटनबापू

अगदी तसंच. कारण समजून घे, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कागद उजेडाला रंग देत नाही, तो उजेडातून बाकीचे रंग काढून घेतो. निळ्या कागदातून निळं जातं, उरलेलं सगळं कागद गिळतो, आणि गिळलेल्याची उष्णता होते. म्हणून गडद कागद आधी जळतो. २० नंबर एका प्रयोगात मध्यावर पांढरट व्हायचा, तर ५२ महिनाभर चालायचा. गडद कागदाला आम्ही सुईने बारीक भोकं पाडायचो, गरम हवा निघून जावी म्हणून. भोकांतून थोडा पांढरा उजेड जातो, पण पडद्यापर्यंत पोचेस्तोवर तो मिसळून जातो. आणि कागद कधी बल्बला टेकवायचा नाही, चौकटीत ताणून बसवायचा.

चॅनल_एकवीस

मी मुंबईत व्यावसायिक नाटकांचं लाइट ऑपरेटिंग आणि डिझाइन करतो. जुन्या सामानाबद्दल आदर आहे, पण नव्या मुलांनी वाचून गैरसमज करून घेऊ नये म्हणून दुसरी बाजू मांडतो.

गडद निळ्या कागदातून बल्बचा फारच थोडा उजेड बाहेर पडतो. मुळात टंगस्टनच्या बल्बमध्ये निळा कमी, त्यात कागद उरलेलं सगळं खातो. हजार वॅट जाळून पडद्यावर मूठभर निळं मिळतं. एलईडी निळा थेट निळाच तयार करतो. दौऱ्यावर दिवसाला दोन प्रयोग, मधे गाडीचा प्रवास, नाट्यगृह हातात येतं तेव्हा तिसऱ्या घंटेला तीन तास राहिलेले. अशा वेळी शिडीवर चढून चोवीस चौकटी बदलायला माणूस आणि वेळ कुठून आणायचा? तालमीत दिग्दर्शक म्हणाला "जरा जांभळट हवं", तर मी डीएमएक्सवर (दिव्यांना आकड्यांनी हुकूम द्यायची पद्धत) दोन आकडे बदलतो. आणि वर तापलेल्या पत्र्यावर हात भाजून घेतलेले किती जण आहेत ते बापूकाकाच सांगतील.

पहाटवाराताई, तुमचा निळा टपकन आला तो एलईडीचा दोष कमी आणि डिमिंग कर्व्हचा, म्हणजे उजेड कोणत्या चालीने वाढतो त्याचा, जास्त. स्वस्त पारमध्ये खालच्या पाच टक्क्यांत उडी असते. चांगल्या दिव्यांत ती जवळजवळ नसते. कन्सोलवर, म्हणजे दिवे चालवायच्या पाटीवर, कर्व्ह बदलून बघा आणि शून्यापासून सुरू न करता अंक सुरू होतानाच दिवा अगदी कमीवर पेटता ठेवा.

चित्रगंधा

मी वेशभूषा करते, म्हणून माझ्या बाजूचं.

आमच्या एका प्रयोगात नायिका लाल कुंकू आणि हिरवं लुगडं नेसून मागच्या पडद्याजवळ उभी राहायची. रात्र म्हणून वर गच्च निळा दिला होता. पहिल्या रांगेतून पाहिलं तर कपाळावर काळा डाग. लाल कुंकवाला परत फेकायला लाल उजेडच मिळत नव्हता, मग ते काळं दिसणार नाही तर काय. प्रेक्षागृहात बायका कुजबुजल्या. नाटकात नवरा जिवंत होता आणि कपाळ मात्र विधवेचं. दुसऱ्या दिवशी प्रकाशयोजनाकाराने त्या जागी वरून एका दिव्याला ३६ लावला. निळं निळंच राहिलं आणि कुंकू परत आलं. कागद तोच धरला तर दर प्रयोगाला कुंकू तेच दिसतं, याची मला सवय झाली होती.

तीन रंगांच्या एलईडीवर माझी तक्रार पिवळ्याची आहे. लाल आणि हिरवा मिसळून केलेला पिवळा पडद्यावर पिवळाच दिसतो, पण हळदीच्या साडीवर पडला की साडी मेल्यासारखी दिसते. जरीचंही तेच. चेहरे गुलाबी नाहीतर राखाडी. अंबर (पिवळट नारिंगी) आणि पांढरा घातलेले दिवे आले तेव्हापासून सुधारलंय, पण तालुक्याच्या नाट्यगृहात ते असतातच असं नाही. आईचं लुगडं कोणत्या रंगाचं आहे ते आधी ठरवा आणि त्याचा तुकडा घेऊन दिव्याखाली जा. ते न करता आकाश ठरवू नका.

पहाटवारा

चित्रगंधाताई, हे लक्षातच आलं नव्हतं. आईचं लुगडं हळदी आहे. काठ लाल. उद्याच तुकडा घेऊन जाते.

चॅनल_एकवीस, मान्य. आमच्याकडे तीन रंगांचेच पार आहेत.

तारतंत्री

मी वायरमन आहे, हौशी नाटकांची जोडणी करतो. कुणी अजून बोललं नाही म्हणून घाईने लिहितोय.

ताई, तारांवरचं ते पांढरं विणलेलं आवरण अॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे. जुन्या तापणाऱ्या दिव्यांत तेच वापरायचे. त्याला हात लावू नका, कापू नका, ब्रशने झटकू तर अजिबात नका. त्याची पूड फुप्फुसात बसते ती कायमची. पन्हळ प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून बाजूला ठेवा. आतलं वायरिंग जाणकार माणसाकडून, ओलं करून, मास्क लावून काढून घ्या आणि त्या जागी सिलिकॉनची किंवा काचतंतूच्या नळीतली वायर घाला. साधी पीव्हीसी वायर त्या उष्णतेत वितळते.

दुसरं, या पन्हळीला अर्थिंग नसणारच. पत्र्याच्या अंगाला अर्थिंगचा बोल्ट पक्का बसवल्याशिवाय प्लग लावायचा नाही. होल्डर चिनी मातीचे असतील तर ठेवा, बेकेलाइटचे असतील तर बदला.

हिशेब सोपा आहे. चोवीस खण, चार सर्किट, म्हणजे एका सर्किटवर सहा बल्ब. शंभरचे लावले तर ६०० वॅट, २३० व्होल्टला जेमतेम २.६ अँपिअर. चार अँपिअरचा डिमरस्टॅट (तबकडी फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र) प्रत्येक सर्किटला पुरून उरतो.

पहाटवारा

बाप रे. मी परवा त्या तारा हाताने सरळ करत होते. आज गुंडाळून ठेवली. गावातल्या माहीतगार वायरमनशी बोलले, तो नवीन वायरिंग करून देणार आहे. मनापासून आभार.

थेम्सकाठी

लंडनहून. मूळची डोंबिवलीची, इथल्या एका हौशी मराठी गटात बॅकस्टेज करते.

रंगीत उजेडाची धडपड किती जुनी आहे ते सांगायचा मोह होतोय. इटलीच्या सर्लियो या वास्तुरचनाकाराने १५४५ मध्ये लिहून ठेवलंय की काचेच्या भांड्यांत रंगीत पाणी भरा, मागे दिवा ठेवा आणि त्याच्याही मागे न्हाव्याचं घासून चकचकीत केलेलं भांडं लावा, उजेड पुढे फेकायला. म्हणजे फिल्टर आणि रिफ्लेक्टर दोन्ही. तुमच्या पन्हळीतला वाकवलेला पत्रा त्या भांड्याचाच वंशज आहे. पुढे दिव्यांपुढे रंगीत रेशीम ताणलं, काचेला रंगीत लाख दिली. १८८१ मध्ये इथलं सॅव्हॉय थिएटर विजेच्या दिव्यांनी उजळलं, सुमारे १२०० दिवे होते. त्यानंतर उघड्या ज्योतीची भीती गेली आणि दिव्यापुढे पातळ कागद लावणं सोपं झालं.

मागच्या आकाशाचं वेड मात्र फोर्चुनी या रंगमंचाच्या प्रकाशाचे प्रयोग करणाऱ्या कलावंताचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने रंगमंचामागे अर्धघुमट उभा केला आणि दिवा थेट त्यावर न मारता रंगीत रेशमाच्या पट्ट्यांवर मारून परतलेला उजेड घुमटावर पाडला. उजेड कुठून येतोय ते कळायचंच नाही. आकाशाचं गुपित तेच आहे ना, त्याला दिवा नसतो.

आणि हो, युरोपात २०१८ मध्ये टंगस्टनचे दिवे नियमांनी बंद पडायची वेळ आली होती. नाटकवाल्यांनी जोरदार मोहीम चालवली आणि नव्या नियमांत रंगमंचाच्या ठराविक दिव्यांना सूट मिळाली. त्या मोहिमेत मीही सही केली होती. तापलेल्या तारेचा उजेड जसा विझतो तसं दुसरं काही विझत नाही, असं मला मनापासून वाटतं.

वडसाकर

झाडीपट्टीतून नमस्कार. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडप पडतात आणि नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. मागे रंगवलेला पडदा असतो, महाल नाहीतर जंगल. त्यावर रंगीत उजेड टाकताना आमचे लोक एक गोष्ट पाळतात. रंगवलेल्या झाडांवर गच्च हिरवा टाकायचा नाही, झाडं सपाट होतात. फिकट अंबर टाकला की चित्रातल्या सावल्या वर येतात. पांढऱ्या पडद्याला हा नियम लागू नाही, पण तुमच्या अंगणात रंगवलेला फ्लॅट (चौकटीवर ताणलेलं कापड) असेल तर ध्यानात ठेवा.

आणखी एक. नाटक संपता संपता कित्येकदा मंडपाच्या कनातीच्या वरून खरंच उजाडलेलं असतं. मी लहानपणापासून बघत आलोय, वरचं आकाश बराच वेळ निळंच राहतं आणि खालून, जमिनीलगत उजेड येतो. नाटकात लोक सगळा पडदा एकदम गुलाबी करतात ते खटकतं.

बॅटनबापू

वडसाकर, शाबास. पहाटेचं मर्म तुम्ही सांगितलंत. आता मी सविस्तर बसतो.

आमच्या वेळी मागच्या पडद्याला दोन बॅटन असायचे. एक वरून टांगलेला, झालरीमागे. एक खाली जमिनीवर, डोंगराच्या किंवा कुंपणाच्या ठेंगण्या कटआउटमागे लपवलेला. वरचा आकाश रंगवायचा, खालचा क्षितिज. दोघांत लाल, हिरवा, निळा आणि कधी चौथा पांढरा. तिन्ही मिसळून हवा तो रंग काढायचा. निळा सर्किट नेहमी कमी पडायचा, म्हणून आम्ही त्यात जास्त वॅटचे बल्ब घालायचो.

डिमर होते मिठाच्या पाण्याचे. चिनी मातीच्या उंच बरण्या, आत मिठाचं पाणी, तळाशी शिशाची एक पट्टी आणि दोरीला बांधून वरखाली करायची दुसरी. वरची पट्टी खाली गेली की दिवा वाढतो. मीठ जास्त पडलं तर दिवा पूर्ण विझतच नाही, कमी पडलं तर पूर्ण लागतच नाही. लांबलचक फेडला, म्हणजे उजेड हळूहळू वर-खाली नेताना, पाणी कोमट व्हायचं, मग उकळायचं, आणि विंगेत वाफ. हे कुणी पुन्हा करू नये, जीव जाऊ शकतो. आमच्या एका सहकाऱ्याला बसलेला झटका मी डोळ्यांनी पाहिलाय. पण त्या बरणीने मला एक शिकवलं. हात दोरीवर असायचा आणि डोळे पडद्यावर. आठ मिनिटांचा फेड म्हणजे आठ मिनिटं श्वास धरून दोरी सोडत राहणं.

आता टंगस्टनच्या तारेचा गुण बघ. व्होल्टेज निम्मं केलंस तर उजेड निम्मा होत नाही, साधारण दहावा हिस्सा उरतो. आणि तो तांबूस होतो. म्हणजे नुसता साधा बल्ब डिमरवर हळूहळू वर नेलास तरी तो निखाऱ्यापासून सुरू होऊन सोनेरी होत पांढरा होतो. सूर्य उगवताना हेच करतो. तार तापायला आणि निवायला वेळ घेते, त्यामुळे उडी येत नाही. उलट गडद निळा कागद लावून बल्ब खाली आणला तर निळं आधी मरतं आणि काळपट जांभळं काहीतरी उरतं. १७ नंबर खाली आणला की हिरवट होतो.

म्हणून माझं म्हणणं असं. चॅनल_एकवीस निळ्याबद्दल बोलले ते सोळा आणे खरं आहे. निळं एलईडीला द्या. तुझ्या नाट्यगृहातले पार वर टांग आणि त्यांना फक्त निळ्याचं काम दे. जुना बॅटन खाली जमिनीवर ठेव, त्यातले लाल-हिरवे-निळे सगळे काढ आणि चारही सर्किटला ऊबदार रंग घाल. पहिल्या सर्किटला १०६ लाल, दुसऱ्याला १०४ अंबर, तिसऱ्याला १५४ फिकट गुलाबी, चौथ्याला १५२ फिकट सोनेरी. लीच्या एका शीटमधून सहा इंचाचे चोवीस तुकडे निघतात, तुला प्रत्येक रंगाचे सहाच लागणार. चार शीट आणल्यास तर स्पर्धेच्या पुढच्या फेऱ्यांनाही पुरतील.

क्रम असा धर. अंक सुरू होताना वरचा निळा अगदी कमी. शेवटच्या नऊ मिनिटांत पहिली दोन मिनिटं काहीच करू नकोस. मग लाल नव्वद व्होल्टपर्यंत, एवढा हळू की कधी आला ते कळू नये. वरच्या निळ्यात मिसळून क्षितिजाला जांभळा पट्टा येईल. चौथ्या मिनिटाला गुलाबी, त्यामागून अंबर. साडेपाचला लाल काढायला लाग. हे महत्त्वाचं आहे, लाल राहिला तर सकाळची संध्याकाळ होते. सहाव्या मिनिटापासून सोनेरी, आणि वरचा निळा वाढवत फिकट कर. सोनेरी दोनशे व्होल्टच्या वर नेऊ नकोस.

चॅनल_एकवीस

बापूकाका, हे मी माझ्या पुढच्या नाटकात करून बघणार आहे. खाली टंगस्टन आणि वर एलईडी असा विचार केला नव्हता. डिमरस्टॅट हाताने फिरवायचे आणि एलईडी कन्सोलवर, तर दोन माणसं लागतील. दोघांनी एकच घड्याळ बघावं.

प्रकाशयात्री

या निमित्ताने बंगालचे प्रकाशयोजनाकार तापस सेन आठवले. १९५९ मध्ये कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये 'अंगार' नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी भरतं तो प्रसंग त्यांनी केवळ प्रकाशाने उभा केला होता. रंगमंचावर थेंबभर पाणी नाही, आणि खाणकामगार बुडताना लोकांनी पाहिले. आज आपण ज्याला साधनं म्हणतो त्यातलं फारसं काही तेव्हा नव्हतं. आपल्याकडेही डालड्याच्या डब्यांत बल्ब घालून केलेले स्पॉट आणि बटर पेपर लावून मऊ केलेला उजेड यांवर किती स्पर्धा गाजल्या. पहाटवारा, तुमच्या ट्रंकेत पेन्सिलीने नंबर लिहिणारा माणूस कोण होता ते संस्थेत विचारा. कुणाला तरी ठाऊक असेल.

पहाटवारा

विचारलं. ते आता हयात नाहीत. पोस्टात नोकरीला होते आणि रात्री नाटकाचं प्रकाशाचं काम करायचे. त्यांच्या मुलीला आज ट्रंक दाखवायला नेली. तिने ३६ चा आकडा पाहिला आणि म्हणाली, बाबा तीन असाच काढायचे, वरचं टोक सपाट.

आता चाचणीचा अहवाल. बॅटनचं वायरिंग नवीन झालं, अर्थिंग झालं, चिनी मातीचे होल्डर तेच ठेवले. शंभरचे चोवीस बल्ब बाजारात सहज मिळाले. कागद मुंबईहून मागवले. काल नाट्यगृह दुपारी चार तास मिळालं.

लुगड्याचा तुकडा आधी धरला. नुसत्या एलईडीच्या पिवळ्यात तो शेवाळी दिसत होता, चित्रगंधाताई म्हणाल्या तसाच. अंगणावर १५२ चा एक साधा स्पॉट घेतला आणि हळद परत हळद झाली.

मग बापूकाकांचा क्रम. डिमरस्टॅटच्या तबकडीवर खडूने खुणा केल्या. पहिल्यांदा मी लाल घाईने वर नेला आणि आग लागल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा लाल काढायला विसरले, खरोखर संध्याकाळ झाली. तिसऱ्यांदा नव्वदला नेऊन तिथेच थांबले. पडद्याच्या तळाशी जांभळं काहीतरी आहे की नाही असं वाटत होतं. मग गुलाबी. सहाव्या मिनिटाला सोनेरी लावला तेव्हा माझं लक्ष डिमरवरच होतं. आईचं काम करणाऱ्या आमच्या काकू तालमीत तिथे मान खाली घालून बसतात, त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. दिग्दर्शकाने ते तसंच ठेवलंय.

एक अडचण राहिली. पडदा मांजरपाटाचा आहे, तीन पाट जोडलेले. खालून उजेड आला की शिवणी आणि सुरकुत्या ठळक दिसतात, विशेषतः लाल असताना. बॅटन कापडापासून दोन फुटांवर ठेवलाय. काय करू?

बॅटनबापू

दोन फूट म्हणजे अगदी काठावर. एकाच रंगाचे दोन दिवे तुझ्या पन्हळीत दोन फुटांवर आहेत, निदान तेवढं अंतर नसेल तर रंगाचे ठिपके पडतात. आणि जवळून तिरका उजेड पडला की प्रत्येक सुरकुतीची सावली उठते. बॅटन साडेतीन-चार फूट पुढे घे, कटआउटही तेवढाच पुढे घे, आणि काकूंना पडद्यापासून निदान सात-आठ फूट पुढे बसव म्हणजे अंगणातला उजेड आकाशावर सांडणार नाही.

शिवणी आडव्या करता आल्या तर उत्तम, क्षितिजाच्या पट्ट्यात त्या लपतात. वेळ नसेल तर पडद्याच्या खालच्या नेफ्यात लोखंडी पाइप घाल, कापडावर पाण्याचा हबका मार आणि रात्रभर लटकत ठेव.

पहाटवारा

बॅटन पावणेचार फुटांवर घेतला. पाइप घातलाय, पाणी मारलंय. सकाळी जाऊन बघते.